संग्रहालयातील देव

दिल्लीला जाऊन आलेल्या आपल्याकडील मंडळींना काय काय पाहिले असे विचारले, तर उत्तर बहुधा ठरलेले असते. लाल किल्ला, कुतुबमिनार, राजघाट, बिर्ला मंदिर, अलीकडच्या काळात अक्षरधाम. आणि हरिद्वारची गाडी सुटण्यापूर्वी हाती उरलेल्या चार घटकांत करोलबागेतील खरेदी. जनपथावरील राष्ट्रीय संग्रहालयाचे नाव या यादीत सहसा आढळत नाही. वेळ नव्हता, असे सांगण्यात येते. परंतु थोडे खोलात शिरून विचारले म्हणजे वेळेचा प्रश्न मागे पडतो आणि खरे कारण बाहेर येते. देवळाच्या सावलीत वाढलेल्या माणसाच्या मनात संग्रहालयाविषयी एक अढी असते. आमच्या देवस्थानच्या एका वृद्ध महाजनांनी ती मला एकदा स्पष्टच बोलून दाखविली. ते म्हणाले, "वकीलबाब, ज्या देवापुढे दिवा नाही, ज्याला अभिषेक नाही की नैवेद्य नाही, तो काचेच्या पेटीत बघून मी काय करू? देवाला आपण बघायला जात नाही. देवाने आपल्याला बघावे म्हणून जातो."

हा आक्षेप अडाणीपणाचा मुळीच नव्हे. 'दर्शन' या शब्दाला आपल्या परंपरेने जो अर्थ दिला आहे, तो या दोन वाक्यांत जितका नेमका उतरला आहे तितका तो मी पुष्कळ विद्वत्ताप्रचुर लेखांतही वाचलेला नाही. म्हणूनच देवळात जाणाऱ्या वाचकाला संग्रहालयाची वाट दाखविताना 'कला', 'संस्कृती', 'वारसा' अशा भारदस्त शब्दांचा मारा करून भागणार नाही. त्याच्या शंकेला त्याच्याच भूमीवर उभे राहून उत्तर दिले पाहिजे. मला तर असे वाटते की, या संग्रहालयात जाण्याचे प्रयोजन इतर कोणाहीपेक्षा देवळात जाणाऱ्या माणसाला अधिक आहे. परदेशी प्रवासी तेथे आकार पाहतो, विद्यार्थी कालखंड पाहतो. उत्सवमूर्ती पालखीत कशी बांधतात हे ज्याने लहानपणापासून पाहिले आहे, त्याला तेथे आपल्याच घरातील माणसे भेटतात.

माझे तेथे जाणे प्रथम घडले ते एका तहकुबीमुळे. देवस्थानच्या एका अपिलासाठी मी सर्वोच्च न्यायालयात गेलो होतो. सुनावणी पुढे गेली, परतीचे विमान दुसऱ्या दिवशीचे होते, आणि वकिलाच्या आयुष्यात अधूनमधून येणारी एक मोकळी दुपार अकस्मात माझ्या पदरात पडली. त्या दिवशी मला ठाऊक नव्हते, पण पुढे कळले, की ज्या इमारतीतून मी निघालो आणि ज्या इमारतीत शिरलो त्या दोन्हींचा वास्तुकार एकच, आणि तोही मराठी माणूस. गणेश भिकाजी देवळालीकर हे केंद्रीय बांधकाम खात्याचे पहिले भारतीय प्रमुख. सर्वोच्च न्यायालय १९५८ साली त्यांनी बांधलेल्या वास्तूत आले. राष्ट्रीय संग्रहालयाची कोनशिला पंडित नेहरूंनी १२ मे १९५५ रोजी बसविली आणि डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते १८ डिसेंबर १९६० रोजी पहिल्या टप्प्याचे उद्घाटन झाले. गोमंतकीय वाचकाने ही तारीख जरा थांबून वाचावी. बरोबर एका वर्षाने, १८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे, भारतीय सेनेची गोव्यात मुख्य चढाई सुरू झाली. राष्ट्राने आपला संग्रह सजवून उघडला तेव्हा आपण अजून त्या राष्ट्राच्या उंबरठ्याबाहेर होतो.

या संग्रहाचा जन्मही मोठा मजेदार आहे. १९४७-४८ च्या हिवाळ्यात लंडनच्या रॉयल अकॅडमीत भारतीय कलेचे एक विशाल प्रदर्शन भरले होते. त्यासाठी देशभरातील संग्रहालयांकडून आणि खाजगी संग्राहकांकडून निवडक वस्तू उसन्या घेण्यात आल्या. प्रदर्शन आटोपून त्या वस्तू मायदेशी आल्या, तेव्हा देशही नवा झाला होता. राष्ट्रपती भवनाच्या दालनांत त्या पुन्हा मांडण्यात आल्या, लोकांनी गर्दी केली, आणि आता हे सारे पुन्हा जिकडचे तिकडे पाठविण्यापेक्षा एकत्रच का ठेवू नये, असा विचार पुढे आला. ज्यांच्या वस्तू होत्या त्यांची मनधरणी झाली. कोणी दान दिले, कोणी दीर्घ मुदतीने उसने ठेवले. १५ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी त्या भवनातच राष्ट्रीय संग्रहालयाचे उद्घाटन केले. वकिलाच्या भाषेत बोलायचे तर एका तात्पुरत्या ताब्याचे रूपांतर विश्वस्ताच्या ताब्यात झाले. आज या संग्रहात दोन लाखांहून अधिक वस्तू आहेत आणि त्या पाच हजार वर्षांच्या कालावधीत पसरलेल्या आहेत.

त्यांपैकी पहिल्याच म्हणजे सिंधुसंस्कृतीच्या दालनात मी अपेक्षेपेक्षा फार अधिक वेळ रेंगाळलो. मोहेंजोदडोची ती सुप्रसिद्ध नर्तकी तेथे आहे. शाळेच्या पुस्तकातील चित्रावरून ती हातभर उंच असावी असा माझा समज होता; प्रत्यक्षात ती अवघी साडेदहा सेंटिमीटर आहे, म्हणजे तळहातावर उभी राहील एवढी. एक हात कमरेवर, डाव्या हातात दंडापासून मनगटापर्यंत चोवीस-पंचवीस बांगड्या, उजव्या हातात चारच. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या या मुलीच्या उभे राहण्यातील ठसका पाहून हसू येते. परंतु माझे पाय खरे अडले ते जवळच्या एका दागिन्यापाशी. १९४७ साली देशाची फाळणी झाली तेव्हा उत्खननातून निघालेल्या वस्तूंचीही वाटणी झाली. नर्तकी इकडे राहिली; दाढीवाला पुरोहित-राजा म्हणून ओळखला जाणारा पुतळा पाकिस्तानच्या वाट्याला गेला. येथवर समजण्यासारखे आहे. पण मोहेंजोदडोचा एक हार, हिरव्या पाषाणाच्या मण्यांचा आणि सोन्याच्या चकत्यांचा, कोणाला द्यायचा हे ठरेना. तेव्हा तो ओवलेला हार सोडून त्याचे मणी मधोमध वाटून घेण्यात आले. अर्धा हार इकडे, अर्धा तिकडे.

गोव्यातील वाचकांना आपल्याकडील वारसाहक्काची 'इन्व्हेंटरी' चांगली परिचयाची आहे. पुष्कळांना तर नको तितकी परिचयाची. पोर्तुगीज अमदानीपासून चालत आलेल्या या पद्धतीत भावाभावांत वाटणी होताना एखादी वस्तू भाग पाडण्याजोगी नसेल, तर वारसांमध्येच बोली लागते. ज्याची बोली मोठी त्याला वस्तू मिळते आणि बाकीच्यांना त्यांच्या हिश्शाचा पैसा. आजीची पाटली करवतीने कापून दोघा नातवांना द्यावी असे गोव्याच्या कोणत्याही न्यायालयाने कधी सुचविल्याचे माझ्या ऐकिवात नाही. दोन नवजात राष्ट्रांनी मात्र नेमके तेच केले. वीस वर्षे वाटणीचे दावे चालविलेल्या माणसाला त्या अर्ध्या हारापुढे जे समजते, ते फाळणीवरील जाडजूड ग्रंथांनीही समजत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे देवाकडे, वळतो.

काशाच्या मूर्तींच्या दालनात चोळ काळातील, बाराव्या शतकातला नटराज आहे. त्याचे वर्णन आपण सारे जाणतो असे आपल्याला वाटते. वरच्या उजव्या हाती डमरू, वरच्या डाव्या हाती अग्नी, खालचा उजवा हात अभय देणारा, खालचा डावा हत्तीच्या सोंडेसारखा आडवा येऊन उचललेल्या पावलाकडे निर्देश करणारा. पायाखाली अपस्मार, भोवती ज्वालांची प्रभावळ. हे सारे चित्रांतून, दिनदर्शिकांतून, कचेरीतील शोभेच्या मूर्तींतून डोळ्यांवरून इतके गेलेले असते, की डोळा ते पाहीनासा होतो. संग्रहालयात त्याच्यापुढे अर्धा तास उभे राहावे. दोन कानांतील दोन भूषणे निरखावीत. नटराजाच्या मूर्तीत उजव्या कानात पुरुषाचे कुंडल असते आणि डाव्या कानात स्त्रीचे. ज्याचे अर्धे अंग पार्वतीचे आहे, तो नाचतानाही ते विसरत नाही. ही गोष्ट शिल्पकाराने आठ-नऊशे वर्षांपूर्वी घडवून ठेवली आहे. परंतु देवळात ती कोणाला दिसते? तेथे मूर्ती गाभाऱ्याच्या अंधारात असते. तिच्यावर रेशमी वस्त्र असते, हार असतात, चंदनाचा लेप असतो. पुजाऱ्याच्या हातातील आरती क्षणभर मुखावरून फिरते आणि मागची रांग आपल्याला पुढे ढकलते. हे असेच असावयास हवे; देवाला उघडे ठेवणे हा देवळाचा धर्म नव्हे. पण ज्या कारागिराने मेणात ती आकृती प्रथम कोरली, त्याने पाठीचा कणा, जटांची विखुरण, पोटरीचा ताण हे सर्व कोणासाठी घडविले? पुढे कायम वस्त्राखाली झाकून राहणार हे पक्के माहीत असूनही त्याने पाठीकडची बाजू तितक्याच निष्ठेने पुरी केली. ती पाठ पाहण्याची सोय फक्त संग्रहालयात आहे. ती पाहून परतल्यावर आपल्या देवळातील वस्त्रांकित मूर्तीपुढे हात जोडताना वस्त्राआड काय आहे याची जाण मनात राहते, आणि नमस्काराला काही उणे येत नाही.

आणखी एक गोष्ट. अशा मूर्तींच्या बैठकीकडे पाहावे. पुष्कळांना बाजूला कड्या किंवा छिद्रे असतात. इतर प्रेक्षकांना त्यांचा उलगडा होत नाही. आपल्याला क्षणात होतो. दांडे ओवून मूर्ती खांद्यावर घेण्याची ती योजना आहे. या उत्सवमूर्ती, फिरणाऱ्या. मूळ देव गाभाऱ्यात अचल राहतो आणि हा त्याच्या वतीने रस्त्यावर येऊन गावाला भेटतो. आपल्याकडे सोमवारी किंवा एकादशीला पालखी निघते तेव्हा याहून निराळे काय घडते? काचेच्या आत स्थिर झालेल्या त्या मूर्तीच्या बैठकीतील रिकामी छिद्रे पाहून मला जे वाटले, ते संग्रहालयाच्या बाजूने आहे की विरुद्ध, हे मी आजही सांगू शकणार नाही.

ही घडाई मेणाची. मधाच्या पोळ्याच्या मेणाची आकृती करायची, तिच्यावर मातीचे थर द्यायचे, तापवून मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. साचा फोडल्यावाचून मूर्ती निघत नाही; त्यामुळे एका साच्याची दुसरी मूर्ती होऊ शकत नाही. मोहेंजोदडोची नर्तकी याच रीतीने घडली आणि चोळांचा नटराजही. या कृतीचे वर्णन ज्या संस्कृत ग्रंथांत येते त्यांत 'मानसोल्लास' प्रमुख आहे आणि तो कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराचा, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. बेळगाव-हैदराबादकडील वाचकांच्या दृष्टीने हे शास्त्र दूर तंजावरचे नव्हे, शेजारचेच आहे.

पुढच्या एका खेपेस आई माझ्याबरोबर होती. आम्ही हरिद्वारहून परतत होतो. तिला संग्रहालयात फारसे स्वारस्य नव्हते. माझ्या आग्रहाखातर ती आली. नटराजापुढे येताच तिने चपला काढल्या, पदर सावरला आणि हात जोडून डोळे मिटले. मला क्षणभर संकोच वाटला. दाराशी बसलेला रखवालदार उठला. आता हा काहीतरी बोलणार म्हणून मी पुढे झालो. तो म्हणाला, "माताजी, चप्पल पहन लीजिए, फर्श बहुत ठंडा है।" डिसेंबरचे दिवस होते. आईने डोळे उघडले, त्याला म्हणाली, "एक मिनट, भाई," आणि पुन्हा मिटले. बाहेर आल्यावर मी तिला विचारले, "अगं, इथे पूजा नाही, प्राणप्रतिष्ठा उरली आहे की नाही तेही ठाऊक नाही; मग नमस्कार कोणाला केलास?" ती म्हणाली, "इतकी वर्षं ज्याला लोकांनी नमस्कार केला, तो माझ्या एकटीसाठी कसा थांबवू?" वकिलाला प्रतिप्रश्न सुचू नये असे प्रसंग थोडे येतात.

तिचे उत्तर धर्मशास्त्राला कितपत मान्य होईल ते शास्त्री जाणोत. कायद्याला मात्र ते बऱ्याच अंशी मान्य आहे. हिंदू देवता ही कायद्याच्या दृष्टीने एक व्यक्ती आहे. ती मालमत्ता धारण करते, दावा लावते. १९२५ साली कलकत्त्याच्या मल्लिक घराण्याच्या कुलदेवतेच्या वादात, पाळीच्या सेवेकऱ्याने मूर्ती आपल्या घरी न्यावी की नाही हा प्रश्न लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला होता. स्वतः देवतेची काय इच्छा आहे तेही विचारात घेतले पाहिजे, आणि ती मांडण्यासाठी ज्याचा स्वतःचा काही स्वार्थ नाही असा प्रतिनिधी नेमला पाहिजे, असा तेथील न्यायाधीशांनी निर्वाळा दिला. ज्यांना कौलप्रसाद लावण्याची सवय आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

याहून चमत्कारिक हकीकत पत्तूरच्या नटराजाची. हा नटराज दिल्लीच्या संग्रहालयात नाही. परंतु त्याची कथा ठाऊक असली म्हणजे तेथील प्रत्येक काशाच्या मूर्तीकडे आपण निराळ्या नजरेने पाहू लागतो. आक्रमणाच्या भयाने दक्षिणेतील देवळांनी पुष्कळ मूर्ती जमिनीत पुरून ठेवल्या होत्या. तंजावर जिल्ह्यातील पत्तूर येथे १९७६ साली एका मजुराच्या कुदळीला अशीच एक मूर्ती लागली. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचे असे काही जमिनीत सापडले तर सरकारला कळविणे बंधनकारक आहे. ते झाले नाही. मूर्ती हातोहाती विकली जात लंडनला पोहोचली, एका कॅनेडियन कंपनीने ती विकत घेतली आणि दुरुस्तीसाठी दिली असता तेथील पोलिसांनी ती जप्त केली. कंपनीने पोलिसांवर दावा लावला. त्या दाव्यात मूर्तीवर हक्क सांगणाऱ्यांत भारत सरकार आणि तमिळनाडू राज्य होतेच. पण त्यांच्याबरोबर ते पडके देऊळ होते आणि त्या देवळाच्या भग्नावशेषांत मिळालेले शिवलिंगही होते. एका दगडी लिंगाने लंडनच्या न्यायालयात आपल्या नटराजासाठी दाद मागितली, असे म्हणावयास हरकत नाही. देऊळ शतकानुशतके ओस पडले म्हणून त्याचे अस्तित्व संपत नाही, हे इंग्रज न्यायाधीशांना पटले. १९८८ साली निकाल देवळाच्या बाजूने लागला, १९९१ साली अपिलातही तो कायम राहिला आणि त्याच वर्षी नटराज मायदेशी आला. आला, पण आपल्या देवळात न जाता सुरक्षिततेसाठी सरकारी मूर्तिसंरक्षण केंद्रात राहिला. शिवपुरमच्या नटराजाची तऱ्हा याच जातीची: दुरुस्तीला दिला असता नक्कल परत आली, अस्सल मूर्ती अमेरिकेत नऊ लाख डॉलरांना विकली गेली आणि कराराने ती परत यायला १९८६ साल उजाडले.

दिल्लीच्या संग्रहालयात अशा परतलेल्यांपैकी एक आहे. बांदा भागातील लोखरी गावच्या योगिनींच्या स्थानातून चोरीस गेलेली, दहाव्या शतकातील वृषानना योगिनी. पशुमुखी, पाषाणाची, वजनाने सुमारे चारशे किलो. एवढी जड मूर्ती चोरांनी फ्रान्सपर्यंत नेली! तेथील संग्राहकाच्या पश्चात त्याच्या पत्नीने ती आपल्या वकिलातीच्या स्वाधीन केली आणि २०१३ साली ती दिल्लीस आली. लोखरीच्या टेकडीवर ती पुन्हा जाऊ शकेल का? गेली तर राहील का? हे प्रश्न तिच्यापुढे उभे राहून विचारण्यात एक प्रकारचा कडवटपणा आहे, आणि तो कडवटपणा चाखल्यावाचून 'देव देवळातच शोभतो' हे वाक्य उच्चारू नये, असे माझे मत झाले आहे. आपल्या पूर्वजांनी सोळाव्या शतकात कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा नदी ओलांडून अंत्रुजात नेली, तेव्हा त्यांनीही मूळ स्थानापेक्षा मूर्तीचे रक्षण श्रेष्ठ मानलेच होते. फरक एवढाच, आणि तो लहान नव्हे, की त्यांच्या देवाबरोबर त्याचे लोकही गेले.

बाकीच्या दालनांविषयी थोडक्यात सांगतो. अहिच्छत्राच्या शिवालयातील भाजल्या मातीच्या गंगा-यमुना, गुप्तकालीन, जवळजवळ माणसाएवढ्या, मुळीच चुकवू नयेत. मगरीवर गंगा, कासवावर यमुना. दोघींच्या हाती घट. पायऱ्यांच्या दोन बाजूंना उभ्या राहून आत जाणाऱ्याला पावन करणे हे त्यांचे काम. आता पायऱ्या नाहीत, आत नाही. तरी त्यांच्यामधून जाताना पाऊल आपोआप हळू पडते. बिकानेरजवळच्या पल्लू गावची शुभ्र संगमरवरी सरस्वती जैनांची आहे, बाराव्या शतकातली. सारस्वत म्हणवून घेणाऱ्यांनी तिच्यापुढे निदान पाच मिनिटे काढावीत. पिप्राहवा येथील उत्खननात मिळालेल्या बुद्धाच्या अस्थी थायलंडने भेट दिलेल्या सोनेरी मंडपात ठेवल्या आहेत आणि त्या दालनात दूरदेशीचे यात्रेकरू सरळ बसून प्रार्थना करतात. त्यांना कोणी 'हे देऊळ नव्हे' असे सांगत नाही. २०२२ साली या अस्थींपैकी चार मंगोलियाला दर्शनासाठी गेल्या, तेव्हा त्यांना राजकीय अतिथीचा मान देण्यात आला होता. शस्त्रे, नाणी, वस्त्रे यांची दालने मी भरभर ओलांडली. ज्याला त्यांत गोडी असेल त्याने थांबावे. लघुचित्रांसाठी मात्र वेगळा दिवस काढावा. दमलेल्या डोळ्यांनी ती पाहणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

हे सारे आज लिहिण्याचे कारण आमच्या देवळाच्या कोठीत पडले आहे. देवळाचा जीर्णोद्धार चालू आहे. अग्रशाळेच्या मागील बाजूस पाया खणताना एक जुनी पाषाणमूर्ती निघाली: महिषासुरमर्दिनी, उजवा हात कोपरापासून तुटलेला, मुख झिजलेले; पण महिषाच्या पाठीवर रोवलेले पाऊल असे, की आज टाकले असावे. महाजनांच्या सभेत दोन तट पडले. एका पक्षाचे म्हणणे शास्त्राला धरून होते: खंडित मूर्ती पूजेत ठेवू नये, जीर्णोद्धाराच्या विधीत लाकडाची मूर्ती अग्नीला आणि पाषाणाची खोल पाण्याला देण्यास सांगितले आहे, तेव्हा ती नदीत विसर्जन करावी. दुसऱ्या पक्षाला ती देवळाबाहेरच्या भिंतीत बसवावी असे वाटत होते. मी कायदा सांगितला. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती ही १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, तिची नोंदणी करावी लागते, आणि जमिनीतून निघालेल्या वस्तूची वर्दी तर आधी द्यावी लागते. वर्दी दिली. त्यानंतर मी असेही म्हटले की, ती एखाद्या संग्रहालयात, देवळाच्या आणि गावाच्या नावाची पाटी लावून ठेवावी असा एक तिसरा मार्ग आहे. पाटीचा आग्रह मी मुद्दाम धरला. संग्रहालयांतील पाट्या शतक सांगतात, दगडाची जात सांगतात, आणि कोणत्या लोकांची ही देवी हे सांगायचे मात्र पुष्कळदा राहून जाते.

तिसरा मार्ग ऐकून सभेत जी शांतता पसरली ती माझ्या चांगली लक्षात आहे. एक बाई मागून म्हणाल्या, "म्हणजे आमच्या देवीला तिकीट लावणार?" त्यांच्या या प्रश्नाला माझ्याकडे सोपे उत्तर नव्हते. मी एवढेच म्हणालो, की नदीत सोडलेल्या देवीला बघायला तिकीट लागणार नाही हे खरे, पण तुमच्या नातीला ती दिसणारही नाही.

शेवटी प्रथेप्रमाणे देवाला प्रसाद लावण्यात आला. विसर्जन करावे काय, या प्रश्नाला डावी पाकळी पडली, म्हणजे नकार. संग्रहालयाचा प्रश्न विचारावा असे मी सुचविले, तेव्हा भटजी म्हणाले, "वकीलबाब, जे विचारणाऱ्यांनी स्वतः पाहिलेले नाही, त्याविषयी देवाला कसे विचारायचे?" हे सर्वांना पटले. सभा तहकूब झाली. मूर्ती तूर्त कोठीत गवताच्या गादीवर निजविलेली आहे आणि एक म्हातारे सेवेकरी रोज सायंकाळी तिच्यापुढे, शास्त्रात बसते की नाही याची चौकशी न करता, एक निरांजन ठेवतात.

महाजनांपैकी चौघे येत्या हिवाळ्यात दिल्लीला निघाले आहेत. प्रश्न विचारलेल्या बाईही त्यांत आहेत. मी त्यांना सांगितले आहे की सोमवार टाळा, त्या दिवशी संग्रहालय बंद असते. हा सारा संग्रह तेथून हलवून नॉर्थ ब्लॉक आणि साउथ ब्लॉक या सचिवालयाच्या जुन्या इमारतींत नेण्याची योजना २०२३ साली जाहीर झालेली आहे. तेव्हा निघण्यापूर्वी कोणती दालने उघडी आहेत त्याची चौकशी करा. सकाळी उघडताच आत शिरा, आवारात काचेच्या घरात उभा असलेला दक्षिणेतील देवळाचा लाकडी रथ बाहेर पडताना पाहा, प्रथम नको. तो पाहू लागलात तर तासभर तिथेच जाईल. आधी काशाच्या मूर्ती, मग अहिच्छत्राच्या दोघी, मग योगिनी. पायांत मोजे घाला. चपला काढाव्याशा वाटल्या तर फरशी थंड असते.